हाताचा फोकस आणि यंत्राचा फोकस

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याची कथा आपण ऐकलेली असेल. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा घरीच करायचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये काम पुरे केले, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. यंत्र घडवणाऱ्या हातांचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण यंत्र घडल्यावर रोजचे एक काम उरतेच: फोकस जमवणे.

म्हणजे काय, हे शिक्षकांनी वर्गातच दाखवावे. खिडकीसमोरच्या भिंतीपुढे साधे भिंग धरा. एका ठरावीक अंतरावरच खिडकी भिंतीवर उलटी, पण रेखीव उमटेल. आता भिंगासमोर जरा जवळ पेटता दिवा ठेवा; त्याची ज्योत स्पष्ट दिसायला भिंग भिंतीपासून मागे न्यावे लागेल. वस्तू जवळ आली की भिंग सरकले पाहिजे. मूकपटाच्या काळी कॅमेरामन टेपने अंतर मोजी, भिंगाचे कडे त्या खुणेवर ठेवी आणि हाताने दांडा फिरवी. नट खूण सोडून पुढे आला, की चेहरा पुसट झालाच!

हे सरकवणे यंत्राकडे गेले ते बऱ्याच उशिरा. १९७७ साली कोनिकाने आपोआप फोकस जमवणारा कॅमेरा बाजारात आणला; १९८५ साली मिनोल्टाच्या ‘७०००’ने ही सोय भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात रुजवली. त्यात आतला आरसा प्रकाश फोकस मापणाऱ्या वेगळ्या भागाकडे पाठवी. ती जुळणी केसभर चुकली, तर फोकस नाकावर न बसता कानावर बसे. २००८ साली पॅनासोनिकच्या ‘जी १’पासून आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले. त्यांत चित्र टिपणारा पडदाच फोकसही पाहतो.

तो दोन रीतींनी पाहतो. पहिली तंबोरा लावण्यासारखी: तार थोडी चढवायची, जास्त झाली की उतरवायची. भिंग पुढेमागे करून कडा सर्वांत ठळक कुठे होतात, ते यंत्र शोधते. दुसरी रीत आपल्या दोन डोळ्यांची. बोट समोर धरून एकेक डोळा मिटा; बोट सरकल्यासारखे वाटते. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेली चित्रे अशीच सरकलेली असली, तर किती आणि कुठल्या दिशेला जायचे, हे यंत्राला एकदम कळते. म्हणून चपळ हालचालीला ही रीत बरी.

तरी खासबागेत कुस्तीचा फोटो घेऊन पाहा. पैलवानांवर धरलेला फोकस पंच मध्ये आला की कधी कधी त्याच्यावरच उडी घेतो. यंत्राला जवळचे ठळक दिसले. डाव कोणाचा चालला आहे, ते त्याला काय ठाऊक! लग्नात तर अंतरपाटच पकडतो, आणि त्याच्याआडची नवरी धूसर.

अशा वेळी हाताचे कडे कामी येते, पण तेही पूर्वीचे राहिले नाही. पुष्कळ नव्या भिंगांत कडे फिरवले तरी काच थेट हलत नाही. कडे विजेचा इशारा देते आणि आतली मोटर काच हलवते. झूम भिंगांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. जुने छायाचित्रकार चांगले झूम पुरते ताणून चेहरा जवळ आणीत, फोकस जमवीत आणि मग दृश्य रुंद करीत. फोकस तिथेच टिके. आजच्या पुष्कळ झूम भिंगांत तो टिकत नाही. एरवी यंत्र तो गुपचूप सावरून घेते, म्हणून जाणवत नाही. हाताने फोकस करणार असाल, तर आधी झूम ठरवा. मग पडद्यावर चित्र मोठे करून डोळ्यांतली बाहुली स्पष्ट होईपर्यंत कडे फिरवा. पुन्हा झूम हलवले, तर पुन्हा फोकस.