हृदय, हाडे आणि सूर्यनमस्कार

नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली आणि तेथे ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. पुढे औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा हिरीरीने प्रसार केला. त्यामुळे नमस्कार आपल्या शाळांना नवे नाहीत. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, त्यातच मणके ठिसूळ झालेले एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई विचारतात, "आता आम्ही व्यायाम करावा की नाही?" कोणी म्हणते, अजिबात हलू नका. कोणी म्हणते, रोज बारा नमस्कार घाला. हे दोन्ही सल्ले आले कोठून, ते आपण पाहू.

विश्रांतीचे युग

विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकात हृदयशूळाचे वर्णन केले. रोज अर्धा तास लाकडे कापणारा त्याचा एक रोगी जवळजवळ बरा झाला, अशी नोंदही त्याने ठेवली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हृदयाच्या स्नायूवरची जखम भरून यायला सुमारे सहा आठवडे लागतात, असे 1930 च्या दशकात दिसून आले आणि रोग्याला तितके दिवस अंथरुणात ठेवण्याची पद्धत पक्की झाली. 1952 मध्ये लेव्हिन आणि लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांना लवकरच खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडसच वाटले.

पुढच्याच वर्षी जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. 1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी भरली!

हाडांचा हिशेब

हाड ही जिवंत वस्तू आहे. त्यावर भार पडेल तसे ते आपली रचना बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले. भार गेला की हाड झिजते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाचे वस्तुमान दरमहा एक टक्क्याच्या आसपास घटते. म्हणजे अंथरूण हृदयालाही नको आणि हाडांनाही नको.

मग नमस्कारच का घालू नयेत? येथे 1984 मधला एक अभ्यास उपयोगी पडतो. सिनाकी आणि मिकेलसन यांनी मणके ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांचे निरीक्षण केले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या 25 जणींपैकी 4 जणींचे मणके नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 9 जणींपैकी मात्र 8 जणींना हा त्रास झाला. दोन्ही प्रकार करणाऱ्या 19 जणींत ही संख्या 10 होती. अभ्यास लहान आहे, म्हणून आकडे जपूनच वापरायला हवेत. पण कारण समजण्यासारखे आहे. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर सारा दाब येतो आणि ठिसूळ मणका तेथेच पाचरीसारखा चेपतो. सूर्यनमस्कारात भुजंगासन आहे, तसे पायांना हात लावून वाकणेही आहे. निरोगी मुलाला जे हितकर, ते ठिसूळ मणक्याला घातक ठरू शकते.

मधला मार्ग

हृदयाची अडचण वेगळी. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. त्यामुळे जड वजन उचलणे हाडांना मानवले, तरी हृदयाला मानवेलच असे नाही. उलट पोहणे हृदयाला चांगले. पण पाणी शरीराचा भार पेलते, म्हणून हाडांना त्याचा लाभ थोडा.

दोघांनाही चालेल असा मार्ग साधाच आहे. डॉक्टरांच्या तपासणीनंतर सपाट रस्त्यावर चालणे. वेग इतकाच की चालताना बोलता यावे. सुरुवात आणि शेवट सावकाश. हलके वजन उचलताना श्वास सोडणे. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे, कारण तोल सुधारला की पडणे टळते. कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे वाकवणे. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर तेथेच थांबणे. दुखणे थांबले नाही तर ताबडतोब दवाखाना गाठणे.

योगाची परीक्षाही आपल्याकडे झाली आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. 2020 मध्ये भारतातील 24 केंद्रांतल्या 3959 हृदयरोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर बेतलेला योगवर्ग करणाऱ्यांत मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निश्चितपणे घटल्याचे दिसले नाही. पण त्यांना अधिक बरे वाटू लागले आणि नेहमीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. हा लाभ लहान नाही, आणि तो चमत्कारही नाही.

वर्गात मुलांना बसून, चालून आणि जिना चढून नाडी मोजायला सांगावी. तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले की श्रम आणि हृदय यांचे नाते त्यांना स्वतःच दिसेल. मग घरी आजोबा सकाळी फिरायला निघाले, तर त्यांना कोणी अडवणार नाही. आणि आजी वाकून बादली उचलू लागली, तर नातू आधी धावेल.