रत्नागिरी ते मुंबई: बदलत्या वाहनांचा आणि मधल्या थांब्यांचा इतिहास

रत्नागिरी आणि मुंबई यांच्यात सह्याद्रीची भिंत आडवी येत नाही. दोन्ही शहरे एकाच किनाऱ्यावर, नकाशात एकमेकांखाली आहेत. तरीही विसाव्या शतकात बराच काळ या प्रवासात वाहन एकदा तरी बदलावे लागे, बहुतेकदा दोनतीनदा. वाटेत खाड्या आडव्या होत्या, पावसाळ्यात समुद्र बंद होता आणि रेल्वे घाटापलीकडे होती. त्यामुळे या मार्गाच्या इतिहासात वाहनांइतकेच महत्त्व मधल्या थांब्यांनाही आहे.

ब्रिटिशांनी या अवघडपणाचा राजकीय उपयोग करून घेतला. ब्रह्मदेश जिंकल्यावर तेथील थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले आणि १९१६ मध्ये तो तेथेच वारला. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. जेथून सहज बाहेर पडता येत नाही असे ठिकाण म्हणून सरकारला रत्नागिरी सोयीची वाटली. रत्नागिरीकरांना मात्र बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नव्हते. जमीन थोडी, पीक एकच, खाणारी तोंडे फार. मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत आणि कचेऱ्यांत या जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने गेली. वर्षातून एकदोनदा गावी येणारा चाकरमानी हाच या मार्गाचा मुख्य प्रवासी ठरला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्या आणि तोवर शिडाच्या गलबतांवर, वाऱ्याच्या लहरीवर चालणारा प्रवास वेळापत्रकात बसला. आगबोटीचा मुंबईतील ठिकाणा होता भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा भाऊचा धक्का. तेथून दक्षिणेस जाताना बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड आणि मग रत्नागिरी अशी बंदरे लागत. यांपैकी बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात नांगर टाकी. किनाऱ्यावरून पडाव निघत आणि हलत्या पाण्यात बायकामुले, ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, आंब्याच्या करंड्या पडावातून बोटीवर आणि बोटीवरून पडावात जात. प्रत्येक बंदरात ही घाई नव्याने होई. रात्रीचे बंदर असेल तर कंदिलाच्या उजेडात, ओरडाआरड्यातच माणसे ओळखायची. ओहोटी असली तर शेवटचा चिखलाचा पट्टा खलाशाच्या खांद्यावरून पार करावा लागे. ‘बोट लागणे’ हा त्रास बहुतेकांच्या वाट्याला येई आणि डेकवरच्या प्रवाशाला त्यातून सुटका नव्हती. इतके असूनही हा मार्ग लोकांना आपला वाटे, कारण गावाजवळच्या बंदरात उतरवणारे दुसरे वाहनच नव्हते.

बोटींवरच्या भरवशाला मोठे तडे गेले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस रत्नागिरीच्या मार्गावर नाही, पण या अपघाताची धास्ती साऱ्या किनाऱ्यावर पसरली.

पावसाळ्यात दूर पल्ल्याच्या बोटी बंद असत. त्या काळात किंवा घाई असल्यास वाट होती ती आंबा घाटातून. कोल्हापूरला १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि रत्नागिरीला सर्वांत सोयीचे रेल्वे स्थानक मिळाले ते सुमारे १३० किलोमीटरवर, घाटावर. आधी बैलगाडीने मुक्काम करीत, पुढे मोटारीने, साखरपा, आंबा, मलकापूर या वाटेने कोल्हापूर गाठायचे. तेथून मीटर गेजच्या गाडीने मिरजमार्गे पुणे आणि पुण्यात गाडी बदलून ब्रॉड गेजने मुंबई. म्हणजे उत्तरेला जाण्यासाठी आधी पूर्वेला जायचे, घाट चढायचा आणि शेवटी खंडाळ्याला दुसरा घाट उतरायचा. कोल्हापूर त्यामुळे रत्नागिरीच्या माणसासाठी केवळ शेजारचे शहर राहिले नाही, मधला थांबा झाले. पुणे ते कोल्हापूर मार्ग १९७० च्या सुमारास ब्रॉड गेज झाला आणि पुण्यातील बदल संपला. कोल्हापूरचा थांबा मात्र टिकला: एस. टी. स्टँड आणि रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर, रात्रीची गाडी सुटायला काही तास, आणि तेवढ्यात अंबाबाईचे दर्शन, महाद्वार रोडवरची खरेदी, जेवण. किनाऱ्यावरच्या माणसाला घाटावरची बाजारपेठ दिसली ती बरीचशी अशा घाईच्या तासांत.

सरकारी एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली. कोकणात ती पसरली तशी मुंबईचा सरळ रस्ताही वापरात आला. हा महामार्ग रत्नागिरी शहरातून न जाता हातखंब्यावरून जातो, म्हणून येथेही अनेकदा गाडी बदलावी लागे. बोटी हळूहळू मागे पडल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्यावरची नियमित प्रवासी सेवा थांबली.

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकर, नाथ पै, मधू दंडवते यांनी दीर्घकाळ आग्रह धरला. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. या मार्गावरची दोन मोठी कामे रत्नागिरीच्या आसपास होती: करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. मुंबईहून रेल्वेगाडीत बसलेला माणूस वाहन न बदलता रत्नागिरीच्या स्थानकात उतरू लागला. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीने हे अंतर साधारण साडेपाच तासांत कापले जाते.

पूर्वेकडची वाट मात्र अद्याप रस्त्याचीच आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाट खचला आणि अवजड वाहतूक बंद झाली. त्याच दिवसांत चिपळूणच्या पुराने कोकण रेल्वेही थांबली. कोकणाला घाटावरच्या कोल्हापूरशी जोडणाऱ्या वैभववाडी–कोल्हापूर रेल्वेमार्गाला २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली आहे. तो मार्ग आता कागदावरून जमिनीवर आणला पाहिजे.