बबीन्याची ‘हवेली’ आणि गावाचे स्वावलंबन

झाशीचे नाव घेताच मराठी मनासमोर १८५७ ची रणरागिणी उभी राहते. त्याच झाशीच्या दक्षिणेस, ललितपूरच्या वाटेवर, बबीना ही लष्करी छावणी आहे. तिच्या आसपासच्या खेड्यांचा लढा मात्र निराळा आहे; तो पाण्याचा आणि पर्यायाने स्वावलंबनाचा.

बुंदेलखंडाची भूमी ग्रॅनाइटच्या कठीण खडकावर पसरलेली आहे. पावसाचे पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते. यावर पूर्वजांनी योजलेला उपाय म्हणजे ‘हवेली’. सखल शेतांना मातीचा बांध घालून पावसाळाभर पाणी अडवावयाचे, ऑक्टोबरात ते सोडून द्यावयाचे आणि त्या ओलीवर रब्बीची पेरणी करावयाची. ज्याचे शेत पाण्याखाली जाई, तो खरिपाला मुके. मात्र मुरलेल्या पाण्याने उताराकडील इतरांच्या विहिरी भरत. म्हणूनच बांधाची निगा हे साऱ्या गावाचे काम होते. हे सामाईक भान ओसरले तेव्हा अनेक बांध फुटले.

२०११ साली बबीना विकासखंडातील परासई, छतपूर व बछौनी या गावांच्या १,२४६ हेक्टर पाणलोटात झाशीची कृषिवानिकी संशोधन संस्था व हैदराबादची ‘इक्रिसॅट’ यांनी ग्रामस्थांसह काम आरंभले. परासईची हवेली पुन्हा बांधली गेली, ओढ्यांवर बंधारे उभे राहिले. विहिरींचे पाणी वाढले, तसा रब्बीचा पेराही वाढला.

एका प्रयोगाचे यश गावोगावी पोहोचवावयाचे, तर धोरणाचा आधार हवा. त्या धोरणाचे मूळ महाराष्ट्रात आहे. वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला. २००५ मध्ये संसदेने ते तत्त्व देशासाठी स्वीकारले. पारंपरिक जलसाठ्यांचे नूतनीकरण या केंद्रीय कायद्याने कामांच्या यादीत घातले आणि खर्चाच्या मानाने किमान निम्मी कामे ग्रामपंचायतींकडे सोपविली.

तथापि बांध घालण्यास निधी मिळाला, तरी दरवर्षीची डागडुजी कोणी करावी आणि ज्याचे शेत बुडते त्याला काय द्यावे, हे गावानेच ठरवावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते. धोरणाने असा अधिकार आणि त्यासोबतची जबाबदारी गावाच्या हाती दिली, तरच हवेलीचा बांध पुढच्या पिढीपर्यंत टिकेल.