हुस्कवार्नाची पुडी

आजची गोष्ट स्वीडनची आहे, पण सुरुवात आपल्या घरातूनच करू. घरातल्या जुन्या माणसांना विचारून बघा, ‘एपीसी’ची गोळी आठवते का? ताप असो, अंग दुखो, डोकं दुखो, गोळी एकच. ए म्हणजे ॲस्पिरिन, सी म्हणजे कॅफिन आणि मधला पी म्हणजे फेनासेटिन. आज बोलायचंय ते या मधल्या अक्षराबद्दल.

साल १९१८. स्पॅनिश फ्लूची साथ. दक्षिण स्वीडनमधलं हुस्कवार्ना हे कारखान्यावर जगणारं गाव. बंदुका, शिवणयंत्रं, सायकली असं बरंच काही तिथं बनायचं. तिथले डॉक्टर ह्योर्टन यांनी तापावर एक पुडी द्यायला सुरुवात केली. तिच्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन. ताप उतरायचा, वर तरतरीही यायची. साथ गेली, पुडी मात्र राहिली.

आणि कशी राहिली! काम झपाट्यानं होतं म्हणून कामगार ती रोज घेऊ लागले. वाढदिवसाला लोक एकमेकांना पुड्या भेट द्यायचे. आपल्याला हसू येतं, पण विचार करा, डॉक्टरांनीच दिलेली, दुकानात सहज मिळणारी वस्तू. तिच्यात वाईट काही असेल असं कुणाला का वाटावं?

यात एक चक्रही होतं. रोज कॅफिन घेणाऱ्यानं ते एकदम थांबवलं की डोकं दुखतं. मग त्यावर उपाय काय? पुन्हा पुडीच! म्हणजे दुखणंही तीच देणार आणि आरामही तीच.

इकडे मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत होती. हा अवयव मोठा सोशिक. बरंचसं नुकसान होईपर्यंत अनेकदा पत्ताच लागत नाही. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या श्प्युलर आणि त्सोलिंगर या डॉक्टरांनी वेदनाशामकांचा अतिवापर आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा संबंध मांडला. हुस्कवार्नाच्या कामगारांचा अभ्यास केला कुर्ट ग्रिमलुंड यांनी. तो १९६३ मध्ये छापून आला. त्याआधीच, १९६१ मध्ये, स्वीडननं फेनासेटिन चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं होतं. पुढं अनेक देशांनी त्यावर बंदीच घातली, भारतानंही.

आता गंमत बघा. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं होतं की, फेनासेटिन शरीरात गेलं की त्याचं बरंचसं पॅरासिटामॉल होतं, आणि दुखणं कमी करतं ते मुख्यतः हेच. मग थेट पॅरासिटामॉलच का देऊ नये? १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ते ‘पॅनाडॉल’ नावानं आलं. आज आपल्या प्रत्येकाच्या डब्यात आहे.

नेमक्या मात्रेत ते चांगलंच औषध आहे. पण मात्रा ओलांडली तर घाव बसतो यकृतावर. आणि इथंही तेच, पहिले एक-दोन दिवस फारसं काही जाणवत नाही. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. दारूची सवय, यकृताचा आजार किंवा वजन फार कमी असेल तर त्याहूनही कमी, आणि किती ते डॉक्टरांनाच विचारायचं. ब्रिटननं १९९८ मध्ये पाकिटांचा आकारच कमी केला. साध्या दुकानात १६ गोळ्या, औषधाच्या दुकानात ३२.

हा भाग तयार करताना मी आमच्या घरचा औषधांचा डबा उघडला. तापाची गोळी, सर्दीची गोळी, कंबरदुखीची गोळी. तीन कंपन्या, तीन रंग. मागची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत पॅरासिटामॉल. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पट्टी उलटसुलट केली आणि म्हणाले, “पण ही तर सर्दीची आहे ना? ती मी तापाच्या गोळीबरोबरच घेतो.”