पाणघोडा

पाणघोडा : सस्तन वर्गाच्या समखुरी गणातील, हिप्पोपोटॅमिडी कुलातला अवजड शाकाहारी प्राणी. दिवस पाण्यात आणि रात्र गवतावर काढतो. शास्त्रीय नाव हिप्पोपोटॅमस ॲम्फिबियस. लिनीअस यांनी ते 1758 मध्ये दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नदीतला घोडा, आणि मराठी नावही त्याच अर्थाचे. प्रत्यक्षात घोड्याशी त्याचे नाते दूरचे आहे. घोडा विषमखुरी, तर पाणघोड्याच्या प्रत्येक पायाला चार बोटे. डुकराशी दिसणारे साम्यही वरवरचेच. आनुवंशिक अभ्यासातून त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग ठरले ते देवमासे आणि डॉल्फिन. दोन्ही शाखांचा समान पूर्वज सुमारे 5.5 कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला.

आज हा प्राणी निसर्गात आढळतो तो सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. तरीही मराठवाड्यातल्या वाचकाने त्याला केवळ परमुलखाचा समजू नये. भोकरदन तालुक्यातील राजूर गावाचे पाणी शेवटी पूर्णेला जाते आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. या गोदावरीच्याच खोऱ्यात, मांजरेच्या जुन्या गाळात, पाणघोड्याची दगड झालेली हाडे निघाली आहेत. त्याचे एक भावंड इथल्या नद्यांत राहत होते, आणि ते का गेले हे समजण्यासाठी आधी त्याचे शरीर समजून घ्यावे लागते.

देह आणि कातडी : पूर्ण वाढलेला नर सरासरी 1,500 किलो म्हणजे 15 क्विंटलांच्या घरात भरतो, मोठे नर 3,000 किलोंपर्यंतही जातात. मादी थोडी हलकी असते. लांबी 3.5 ते 5 मीटर, खांद्यापाशी उंची जेमतेम दीड मीटर. पोट जमिनीपासून फार उंच नसते आणि पाय आखूड, खांबासारखे असतात.

या सगळ्या देहाची गुरुकिल्ली कातडीत आहे. आतला थर काही सेंटिमीटर जाड असतो, पण वरची त्वचा अगदी पातळ. तिच्यातून पाणी इतर सस्तनांच्या कितीतरी पट वेगाने उडून जाते. उन्हात जास्त वेळ राहिला तर पाणघोड्याची कातडी कोरडी पडून भेगाळते. उन्हाळ्यात म्हैस ओढ्याच्या डोहात का जाऊन बसते हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण म्हशीला झाडाची सावली आणि अंगावर बादलीभर पाणी मिळाले तरी दुपार निभते. पाणघोड्याचे तसे नाही. डोह आटला की त्याचे जगणेच आटते.

त्याला खऱ्या घामाच्या ग्रंथी नाहीत. त्याऐवजी कातडीतल्या खास ग्रंथींतून एक चिकट द्रव पाझरतो. बाहेर येताना तो बिनरंगी असतो, काही मिनिटांत लाल होतो आणि नंतर तपकिरी पडतो. पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो ही जुनी समजूत यातूनच निघाली. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी या द्रवातील लाल आणि नारिंगी अशी दोन रंगद्रव्ये वेगळी काढून दाखवली. ती उन्हातले घातक किरण शोषतात, आणि लाल द्रव्य जंतूंची वाढही रोखते. घाणेरड्या पाण्यात एकमेकांचे दात लागून झालेल्या जखमा घेऊन हे प्राणी राहतात आणि तरी त्या जखमा सहसा चिघळत नाहीत, त्यामागे या द्रवाचा हात असावा.

पाण्यातले वागणे : डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या रेषेत असल्यामुळे सगळे अंग पाण्याखाली ठेवूनही पाणघोडा पाहू, ऐकू आणि श्वास घेऊ शकतो. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे 1862 मध्ये खुल्या झालेल्या आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांनी पाणघोडा पहिल्यांदा पाहिला. तिथे कठड्याशी उभे राहिले की आधी नुसते हिरवट गढूळ पाणी दिसते. मुले कंटाळून पुढच्या पिंजऱ्याकडे ओढू लागतात. तेवढ्यात दोन नाकपुड्या वर येतात, ‘फुस्स’ असा आवाज होऊन तुषार उडतात, दोन छोटे कान भिंगरीसारखे फिरून पाणी झटकतात, आणि पुन्हा सगळे शांत. ज्याला पाणघोडा पाहायचा आहे त्याने तिथून हलू नये. तीन ते पाच मिनिटांनी तेच दृश्य पुन्हा दिसते. झोपेतही त्याचे शरीर आपोआप वर येते, श्वास घेते आणि खाली जाते. त्याची झोप मोडत नाही.

तो पोहतो असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. त्याची हाडे जड आणि भरीव असल्याने तो तरंगत नाही. तळाला पाय टेकवत, उड्या मारल्यासारखा पाण्याखालून चालतो. त्यामुळे त्याला समुद्रासारखे खोल पाणी नको, पाठ बुडेल एवढा डोह हवा. मात्र तो बाराही महिने भरलेला हवा.

चराई : सूर्य मावळला की कळप पाण्याबाहेर पडतो आणि ठरलेल्या पायवाटांनी गवताकडे जातो. गवतासाठी तो तीन-चार किलोमीटर सहज जातो, टंचाईत त्याहून दूरही. पाणघोडा गवत दातांनी तोडत नाही. सुमारे अर्धा मीटर रुंद, घट्ट ओठांनी ते मुळालगत खुडतो. जिथे तो रोज चरतो तिथली जमीन कातरलेल्या हिरवळीसारखी दिसते. एका रात्रीत तो साधारण 40 किलो ओले गवत खातो. आकडा मोठा वाटतो, पण गोठा सांभाळणाऱ्याने तो आपल्या जनावराच्या मापाने मोजून पाहावा. दुभत्या म्हशीला वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडा चारा लागतो. पाणघोड्याचे एक ते दीड टक्क्यात भागते. दिवसभर पाणी त्याचा भार तोलते, ऊन लागू देत नाही, म्हणून शक्ती कमी खर्च होते. त्याचे जठर कप्प्यांचे आहे आणि चारा आत आंबून पचतो, पण गाई-म्हशींप्रमाणे तो रवंथ करत नाही.

खाल्लेले गवत शेणाच्या रूपाने नदीत पडते, आणि इथे पाणघोड्याचे खरे मोठेपण आहे. केनियातील मारा नदीत चार हजारांवर पाणघोडे राहतात. 2015 मधल्या एका अभ्यासानुसार ते रोज सुमारे 36 हजार किलो शेण नदीत सोडतात. माळरानावरचे सत्त्व असे रोज पाण्यात उतरते. त्यावर शेवाळ, किडे आणि मासे जगतात. गवतातली सिलिका याच वाटेने नदीत येते आणि डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांना पोसते. प्रवाह मंदावला की मात्र हेच शेण डोहात साचते, पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि पुढच्या लोंढ्याबरोबर ते पाणी खाली गेले की मासे मरतात. माराच्या काठी हे वारंवार नोंदले गेले आहे. जनावर तेच आणि शेणही तेच असते. नदी वाहती आहे की थांबलेली, एवढ्यावर त्याचे खत होते किंवा विष.

कळप, राग आणि आवाज : दिवसा दहा ते तीस पाणघोडे एका डोहात अंगाला अंग लावून पडलेले असतात. एक बलवान नर नदीचा एक पट्टा आपला मानतो. हा हक्क फक्त पाण्यात चालतो. रात्री गवतावर प्रत्येक जण एकटा चरतो आणि तिथे कोणी कोणाला हटकत नाही. शेपूट पंख्यासारखी हलवून शेण चहूकडे उडवणे ही नराची हद्दीची खूण. जबडा तो सुमारे 150 अंश उघडतो. ती जांभई नसते, ताकीद असते. खालचे सुळे अर्ध्या मीटरपर्यंत वाढतात, आयुष्यभर वाढत राहतात आणि एकमेकांवर घासून धारदार होतात. गवत खाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. ती झुंजीची शस्त्रे आहेत.

जमिनीवर तो ताशी 30 किलोमीटरच्या आसपास धावू शकतो, म्हणजे सामान्य माणसापेक्षा वेगाने. आफ्रिकेत त्याच्या हल्ल्यात माणसे मरतात ती बहुधा होडी डोहावरून नेताना, किंवा पहाटे-संध्याकाळी पाणघोडा आणि पाणी यांच्या मधल्या वाटेवर आल्यामुळे. त्याला क्रूर म्हणणे मला चुकीचे वाटते. पाण्याकडची वाट अडली की त्याच्या दृष्टीने जीवच अडलेला असतो.

त्याचा घोगरा, हसल्यासारखा आवाज पाण्यावर आणि पाण्याखाली एकाच वेळी पसरतो. मोझांबिकमध्ये केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कळपांना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले. शेजारच्या कळपाचा आवाज त्यांनी फारसा मनावर घेतला नाही. परक्याच्या आवाजावर मात्र ते चवताळले आणि शेण उडवू लागले. म्हणजे आवाजावरून ते शेजारी ओळखतात.

प्रजनन : समागम पाण्यातच होतो. गर्भकाळ सुमारे आठ महिने, आणि सहसा एकच पिल्लू जन्मते. वजन 25 ते 50 किलो. पिल्लू बऱ्याचदा पाण्याखाली जन्मते आणि त्याला पहिल्या श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. नाक-कान मिटून ते पाण्याखालीच दूध पिते, मधूनमधून वर येते. पाणी खोल असेल तर आईच्या पाठीवर विसावते. मादी सुरुवातीला पिल्लासह कळपापासून वेगळी राहते, कारण चिडलेला नर पिल्लाला मारू शकतो. आयुष्य 40 ते 50 वर्षांचे.

या कुलात आज आणखी एकच जाती उरली आहे : लायबेरिया आणि आसपासच्या पश्चिम आफ्रिकी जंगलांतला बुटका पाणघोडा. वजन दोन-अडीचशे किलो. तो एकांतप्रिय आहे आणि संख्येने फार थोडा.

भारतातील पाणघोडा : सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालवे बांधणारे अभियंते प्रॉबी कॉटली यांनी शिवालिक टेकड्यांतून गोळा केलेल्या हाडांवरून 1836 मध्ये हेक्झाप्रोटोडॉन ही प्रजाती मांडली. नावाचा अर्थ सहा पुढच्या दातांचा. आजच्या पाणघोड्याला प्रत्येक जबड्यात पुढचे चार दात असतात, याला सहा होते. हे पाणघोडे सुमारे 60 लाख वर्षांपूर्वी भारतात आले आणि पुढे नर्मदेपासून दख्खनपर्यंत पसरले. नर्मदेच्या गाळात त्यांच्याबरोबर स्टेगोडॉन हा लांबच लांब सुळ्यांचा हत्तीसारखा प्राणीही मिळतो. त्याच्या एका जातीला फाल्कनर-कॉटली जोडीने ‘गणेश’ हे नाव दिले. राजूरच्या गणपतीच्या, म्हणजे राजुरेश्वराच्या मुलखात हे आवर्जून सांगायला हवे.

महाराष्ट्रात अशी हाडे बेसाल्टच्या काळ्या कातळात शोधून उपयोग नाही. तो कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हाडे मिळतात ती त्या कातळावर नद्यांनी पसरलेल्या जुन्या गाळात, चुन्याने घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरात. पैठणजवळ मुंगी येथे 1865 मध्ये अशाच थरात अकीकाचे दगडी हत्यार सापडले होते, म्हणजे त्या काळी काठावर माणूसही वावरत होता. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या जी. एल. बादाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोदावरी-मांजरा खोऱ्यातील जीवाश्मांवर दीर्घकाळ काम केले. रानबैल, रानम्हैस, घोडा, हत्ती, सुसर यांच्या पंक्तीत पाणघोडाही आला. त्याची दाढ ओळखायला सोपी असते : घासल्यावर तिच्या माथ्यावर तीन पाकळ्यांची नक्षी उमटते, थेट बेलाच्या पानासारखी.

भारतातला शेवटचा पाणघोडा फार जुना नाही. मध्य भारतातील एका दाताचे थेट कालमापन सुमारे 16 हजार वर्षांपूर्वीचे निघाले. तो हिमयुगाच्या अखेरचा, मोसमी पाऊस कमजोर असलेला काळ. बारमाही नद्या हंगामी झाल्या, डोह तुटक झाले. माणसाची शिकार किती कारणीभूत ठरली याचा ठोस पुरावा नाही. पण ज्याची कातडी एक दुपारही उन्हात निभवू शकत नाही, त्याला संपवायला फेब्रुवारीत आटणारी नदी पुरेशी आहे. सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या जालना जिल्ह्यात आज अशी नदी कशी दिसते हे पाहायला लांब जावे लागत नाही.

आजची स्थिती : आफ्रिकेत अंदाजे 1,15,000 ते 1,30,000 पाणघोडे उरले असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2006 पासून त्यांना असुरक्षित गटात ठेवले आहे. पाण्याचा उपसा, नदीकाठची शेती, मांसासाठी शिकार आणि सुळ्यांचा व्यापार ही मुख्य कारणे. 1989 मध्ये हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यावर पाणघोड्याच्या सुळ्यांची मागणी वाढली. 1995 पासून या सुळ्यांचा व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे.

आपल्याकडच्या पाणघोड्याचा पुरावा मात्र नदीकाठच्या गाळातच आहे, आणि वाळूच्या उपशाबरोबर तो ट्रकमध्ये भरून चालला आहे. पूर्णा, दुधना, गोदावरी किंवा मांजरेच्या काठी विहीर खोदताना वा दरड कोसळल्यावर आकाराने हाड आणि वजनाने दगड वाटणारी वस्तू दिसली, तर ती उपटू नये, घासूनपुसून देवळीत ठेवू नये. शेजारी नाणे ठेवून तिचा आणि सभोवतालच्या थराचा फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. थरातून सुटलेल्या हाडाचे वय सांगणे फार अवघड होऊन बसते.