सुट्टीचा गळ आणि शेफील्डचे कामगार

इंग्लंडमध्ये विरंगुळा म्हणून गळाने मासे धरण्याचा छंद जुना असला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा त्याचा लेखी इतिहास मुख्यतः जमीनदार, पाद्री आणि शहरांतले सुखवस्तू व्यापारी यांनीच लिहिलेला आहे. या विषयावरचा सर्वांत गाजलेला ग्रंथ, आयझॅक वॉल्टन यांचा १६५३ सालचा ‘द कम्प्लीट अँगलर’, हाही लंडनमध्ये व्यापार करून निवृत्त झालेल्या गृहस्थाने लिहिलेला. हाच छंद पुढे भट्ट्या, खाणी आणि गिरण्यांतल्या माणसांच्या हाती कसा गेला, हे समजून घेण्यासाठी यॉर्कशायरमधील शेफील्ड या पोलादाच्या शहराइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही. ज्या कारखानदारीने तेथील कामगाराला ठरलेल्या वेळेची सुट्टी दिली, तिनेच त्याच्या दारची नदी मारून टाकली, आणि पुढची शंभरेक वर्षे या छंदाचे चढउतार बहुतांशी या दोन गोष्टींनीच ठरवले.

शेफील्ड वसले ते डॉन नदी आणि तिला मिळणाऱ्या शीफ, लॉक्सली, रिव्हेलिन, पोर्टर या प्रवाहांच्या काठी. या प्रवाहांवरच्या पाणचक्क्यांनी फिरणाऱ्या सहाणांवर सुऱ्या-कात्र्यांच्या पात्यांना धार लावली जाई. हे काम करणारे अनेक कारागीर ‘लिटल मेस्टर’ म्हणजे छोट्या खोलीत स्वतःच्या हिशेबाने नगावर मजुरी घेणारे स्वतंत्र कसबी होते, आणि आठवड्याचे काम ते आपल्या सोयीने लावून घेत. रविवारला जोडून सोमवारीही हत्यार न उचलण्याची त्यांची रीत ‘सेंट मंडे’ या नावाने ओळखली जाई, आणि तिची भरपाई आठवड्याच्या अखेरीस रात्र रात्र जागून केली जाई. वाफेची यंत्रे आणि मोठे पोलाद कारखाने आल्यावर अशी मोकळीक परवडेनाशी झाली. मालकांनी सोमवार काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी रूढ झाली. कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवण्याची सक्ती १८५० च्या कायद्याने केली होती, तर जॉन लबक यांच्या पुढाकाराने १८७१ मध्ये संमत झालेल्या बँक हॉलिडे कायद्याने ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिट मंडे, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर हे चार दिवस वार्षिक सुट्टीचे ठरवले.

मात्र सुट्टी हाती आली तोवर डॉन नदी हातची गेली होती. पोलाद कारखान्यांतली रसायने, भट्ट्यांची राख आणि झपाट्याने वाढलेल्या वस्तीचे सांडपाणी तिच्यात मिसळत होते, आणि ठिकठिकाणच्या बंधाऱ्यांनी समुद्रातून वर येणाऱ्या सॅमन माशांची वाट त्याआधीच अडवलेली होती. त्यामुळे शेफील्डच्या कामगाराला मासे धरायचे तर आगगाडीत बसून परजिल्ह्यात जावे लागे. लिंकनशायरमधील विदम ही संथ नदी त्याची आवडती झाली, कारण १८४८ मध्ये सुरू झालेला लिंकन–बॉस्टन लोहमार्ग कित्येक मैल तिच्या काठाकाठानेच जात असे आणि स्थानकातून उतरताच पाणी समोर दिसे. सवलतीच्या भाड्याच्या खास गाड्या ठरवणे, काठाचे हक्क भाडेपट्ट्याने घेणे आणि वर्गणी गोळा करणे ही कामे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून मोहल्ल्यातल्या दारूच्या गुत्त्यांतून मंडळे निघाली आणि त्या मंडळांचे पुढे शहरव्यापी संघ झाले.

या लोकांनी आपली म्हणून एक कारागिरीही घडवली. संथ आणि स्वच्छ पाण्यातला, वारंवार गळाला लागून शहाणा झालेला मासा जाड दोरीला फसत नाही, म्हणून शेफील्डवाल्यांनी बारीक दोर, अगदी लहान गळ आणि हलका तरंगा यांची पद्धत पत्करली. याउलट ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅममध्ये लाकडी चकरीवरून दोर मोकळा सोडत तरंगा प्रवाहाबरोबर दूरवर वाहू देण्याची पद्धत रुजली. आमिष बहुधा माशीच्या अळ्यांचे असे. स्पर्धेच्या दिवशी काठावर ठरावीक अंतराने खुंट्या ठोकून चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या जात, खूण होताच सर्वांनी एकदम गळ टाकायचा आणि अखेरीस ज्याच्या माशांचे वजन सर्वाधिक भरेल तो विजयी, असा नियम होता. खुंटीची जागा चांगली की वाईट हे नशिबाचे, पण लहान-लहान माशांतूनही पौंड-पौंड वजन जमवणे हे हाताचे, आणि सहाणेवर बोटांची नजाकत कमावलेल्या माणसांना हे काम साधले यात आश्चर्य नाही.

इंग्रजी कायदा मात्र माशांतही उच्चनीच मानत होता. सॅमन आणि ट्राऊट हे जमीनदारांच्या पाण्यातले मानाचे मासे असल्याने १८६१ च्या कायद्याने सॅमनला संरक्षण मिळाले, तर रोच, ब्रीम, पर्च, बार्बेल या सामान्यांच्या माशांना अंडी घालण्याच्या काळातही कोणी वाली नव्हता. शेफील्डच्या मंडळांनी हा प्रश्न आपले खासदार ए. जे. मंडेला यांच्याकडे नेला. नॉटिंगहॅमचे मोजे-कारखानदार असलेल्या मंडेला यांनी १८७८ मध्ये गोड्या पाण्यातील मासेमारीचा कायदा संमत करून घेतला आणि १५ मार्च ते १५ जून हा मासेमारीबंदीचा काळ ठरला. वर्षातल्या मोजक्या सुट्ट्यांपैकी ईस्टर आणि व्हिट मंडे या दोन्हींवर स्वतःच पाणी सोडणारी ही मागणी कामगारांनी केली, ही या इतिहासातील सर्वांत अभिमानास्पद गोष्ट आहे. १६ जूनची पहाट तेव्हापासून इंग्रज गळवाल्यांचा सण बनली.

१९०३ मध्ये या मंडळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९०६ मध्ये टेम्स नदीवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाण्याच्या शुद्धतेबाबत मात्र दीर्घकाळ काहीच साधले नाही. नदीप्रदूषण रोखण्यासाठी १८७६ मध्ये कायदा झाला होता, पण त्याची अंमलबजावणी स्थानिक संस्थांकडे होती आणि त्यांतील अनेक संस्था स्वतःच नदीत मैला सोडत होत्या. ही कोंडी फोडली ती १९४८ मध्ये जॉन ईस्टवुड या वकिलांनी स्थापन केलेल्या गळवाल्यांच्या सहकारी संघटनेने. नदीकाठचा मालक किंवा मासेमारीचा हक्क असलेला कोणीही आपले पाणी नैसर्गिक स्थितीत मिळावे म्हणून दावा लावू शकतो, या जुन्या न्यायतत्त्वाचा तिने आधार घेतला. डर्बीच्या मंडळाने काठाचे मालक अर्ल ऑफ हॅरिंग्टन यांच्यासह लावलेल्या दाव्यात ब्रिटिश सेलनीज ही कृत्रिम धाग्यांची कंपनी, डर्बी महापालिका आणि सरकारी वीज प्राधिकरण हे तिघेही प्रतिवादी होते. कंपनीचे रासायनिक सांडपाणी, पालिकेचा अपुरी प्रक्रिया झालेला मैला आणि वीजकेंद्राचे गरम पाणी यांनी डर्वेंट नदी निर्जीव केल्याचा हा दावा होता. १९५३ मध्ये अपील न्यायालयाने तिघांविरुद्धचे मनाई हुकूम कायम केले. शहर वाढत गेले ही पालिकेची सबब त्यापुढे टिकली नाही, आणि पुढच्या अनेक प्रकरणांत या निकालाच्या नुसत्या धाकानेच तडजोडी झाल्या.

युद्धोत्तर दशके हा या छंदाचा भराचा काळ होता. १९३८ च्या भरपगारी रजेच्या कायद्याची फळे तोवर मिळू लागली होती, खाणी व कारखान्यांची स्वतःची मंडळे होती आणि ट्रेंटकाठच्या वीजकेंद्रांच्या कोमट पाण्यात रोच मासा मुबलक सापडे. पण १९८० च्या दशकात पोलाद आणि कोळसा दोन्ही कोसळले, तेव्हा कामाबरोबर ही मंडळेही मोडली. गळाच्या दोराला लावायची शिशाची छोटी वजने गिळून हंस मरत असल्याने या वजनांच्या विक्रीवर १९८७ मध्ये बंदी आली, आणि १९९५ मध्ये बहुतेक तळ्यांवरील बंदीकाळ उठल्याने माणसे पैसे भरून मासे धरता येणाऱ्या, कार्पने भरलेल्या खासगी तळ्यांकडे वळली. त्याच सुमारास ट्रेंट स्वच्छ होत गेली आणि गढूळ, कोमट पाण्यात माजलेला रोच तिथे विरळ झाला. त्याची हळहळ करणाऱ्या जुन्या स्पर्धकांचे दुःख खोटे मानता येत नाही, कारण त्यांच्या उमेदीची वर्षे त्याच पाण्यावर गेली होती.

डॉनचे पाणी उद्योग बंद पडल्यावर आणि सांडपाणी प्रक्रिया सुधारल्यावर निवळले, बंधाऱ्यांना बगल देणारे मत्स्यमार्ग बांधले गेले आणि २०१९ मध्ये शेफील्डमध्ये पुन्हा सॅमन सापडला. नद्यांवरचा मार्च ते जूनचा बंदीकाळ आजही लागू आहे. ईस्टवुड यांची संघटना आणि राष्ट्रीय महासंघ २००९ मध्ये अँगलिंग ट्रस्टच्या घडणीत सामील झाले. ईस्टवुड यांच्या संघटनेचे कायदेशीर काम पुढे नेणारी ‘फिश लीगल’ ही संस्था पाणीकंपन्यांविरुद्धचे दावे आजही सभासदांच्या वर्गणीवर लढवते.