जुनेर आणि दुपटे

तान्ह्या बाळाला गुंडाळायचे दुपटे ही घरातली सर्वांत साधी शिवण. त्यासाठी शिंप्याकडे जाण्याचे कारण नसे. आजीचे किंवा आईचे विटलेले लुगडे स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवायचे, त्याचे चौकोनी तुकडे एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. थर वाढले की त्याच कृतीतून गोधडी होते. इतक्या साध्या वस्तूला इतिहास तो कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुपट्याचा मऊपणा हाच मुळी इतिहासाने घडवलेला गुण आहे.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. नवे असताना ते खळीने ताठ असते. वर्षानुवर्षांच्या धुण्यात खळ निघून जाते, सुताचा पीळ सैलावतो आणि कापड पाणी चटकन टिपू लागते. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, तर टाके ते थर सरकू देत नाहीत. म्हणजे दुपटे एका दुपारी शिवून होत असले, तरी त्याचा मऊपणा तयार व्हायला एका बाईच्या अंगावरची अनेक वर्षे खर्ची पडलेली असत.

जुन्या कापडाकडे आपण सहसा दारिद्र्याची खूण म्हणून पाहतो, आणि ते खोटे नाही. ठिगळ लावणे ही बहुतेकांची निवड नव्हती, निरुपाय होता. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचा वेष स्वेच्छेने पत्करला व लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणू लागले; त्या वेषाला अर्थ आला तो त्यामागच्या निरुपायी माणसांमुळेच. बाळाचे दुपटे मात्र या नियमाला अपवाद होते. पहिले काही दिवस बाळाला नवे कापड घालू नये, असा संकेत खात्यापित्या घरांतही पाळला जाई. बारशाला नवी कुंची, नवे टोपरे, नवे झबले येई. तोवर अंगाशी असे ते जुनेरच. जुने कापड गरजेने नव्हे, तर पसंतीने वापरले जावे, असे हे एक दुर्मीळ स्थान होते.

ही साखळी सुती कापडावर अवलंबून होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे गिरणीचे कापड खेडोपाडी पोहोचले, हातमागाच्या लुगड्याशेजारी ते दांडीवर आले. पण सूत ते सूतच राहिल्याने दुपट्याचे काही बिघडले नाही. खरा खंड पडला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्यावर. त्या विटत नाहीत, लवकर फाटत नाहीत, घाम टिपत नाहीत. म्हणजेच त्यांचे जुनेर होत नाही. बाईची धुण्या-वाळवण्यातून झालेली सुटका मोलाची होती, हेही विसरता येणार नाही.

मग या कलेचा अभ्यास का झाला नाही? शेजारच्या उदाहरणावरून उत्तर मिळते. बंगालची कांथाही जुन्या साड्यांचीच. तिचे नमुने गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमवले, स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. कांथेवर कमळे, हत्ती, रथ भरलेले असत. अभ्यासकाला वाचण्याजोगे काही तिच्यात होते. आपल्या दुपट्यावर केवळ सरळ टाक्यांच्या रांगा. चित्र नाही म्हणून कलेच्या इतिहासात जागा नाही, आणि जर नाही म्हणून पैठणीसारखी पेटीतही नाही.

शिवाय दुपटे उरतच नाही. एका बाळानंतर ते दुसऱ्याला, मग गोधडीच्या आतल्या थरात, शेवटी पोतेऱ्यात. जी वस्तू जितकी उपयोगी, तितका तिचा पुरावा लवकर नाहीसा होतो. आपली संग्रहालये जपून ठेवलेल्या वस्तूंनी भरली आहेत. वापरून संपवलेल्या वस्तूंचा इतिहास लिहायचा, तर कपाटे नव्हे, घरातल्या वृद्ध स्त्रियांचे हात पाहावे लागतील. किती थर, कोणते लुगडे, टाका किती अंतरावर, हे अजून त्यांना ठाऊक आहे. विचारायला मात्र फार दिवस उरलेले नाहीत.